गवत, वारा आणि एकच रस्ता

प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांमध्ये माउई हे आकाराने दुसऱ्या क्रमांकाचं बेट. त्याच्या पश्चिम भागात पुउ कुकुई नावाचं १,७६४ मीटर उंचीचं शिखर आहे. तिथे वर्षाकाठी सरासरी ९,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जगातल्या सर्वांत ओल्या ठिकाणांत त्याचं नाव घेतलं जातं. या शिखरापासून सरळ रेषेत सुमारे दहा किलोमीटरवर, समुद्राला लागून, लाहाइना हे गाव. तिथे वर्षभरात जेमतेम ३५०-४०० मिलिमीटर पाऊस होतो. महाबळेश्वरचा पाऊस आणि माण-खटावचं कोरडेपण शेजारशेजारच्या दोन गावांत आणून ठेवावं, तशी ही जागा. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे आपली सगळी ओल डोंगरावर रिकामी करतात आणि लाहाइनाकडे उतरतात ते कोरडे होऊन.

८ ऑगस्ट २०२३ रोजी दुपारपासून संध्याकाळपर्यंतच्या काही तासांत हे गाव जळून गेलं. १०२ माणसं मृत्युमुखी पडली. २,२०० हून अधिक इमारती नष्ट झाल्या आणि सुमारे बारा हजार लोक बेघर झाले. गावाची लोकसंख्याच मुळात तेरा हजारांच्या आत होती. १९१८ साली मिनेसोटा राज्यात क्लोकेची आग लागली होती. त्यानंतरच्या शंभरेक वर्षांत अमेरिकेत एवढी जीवघेणी वणव्याची आग झालेली नव्हती.

त्या आठवड्यात जगभरच्या बातम्यांत चक्रीवादळ, हवामान बदल आणि तुटलेली विजेची तार ही तीन कारणं सांगितली गेली. तिन्हींमध्ये तथ्य आहे. पण तार तुटून खाली पडली, तेव्हा तिच्याखाली पेट घेणारं कोरडं गवत होतं. ते गवत तिथे का होतं, आणि जिथे एके काळी तळी होती तिथे विझवायला पाणी का मिळालं नाही, हे प्रश्न त्या दिवसाच्या फार मागे नेतात. लाहाइनाची गोष्ट माझ्या मते पाण्यापासूनच सांगायला हवी.

पाऊस कमी पडत असला तरी जुनं लाहाइना कोरडं नव्हतं. डोंगरावरच्या त्या प्रचंड पावसाचं पाणी ओढ्यांवाटे खाली येई. हवाईयन लोकांनी ते पाट काढून अळूच्या खाचरांत फिरवलं होतं, मत्स्यतळी बांधली होती. नीरफणसाच्या राया इतक्या दाट होत्या, की गावाची ओळखच त्यांच्या सावलीवरून सांगितली जाई. गावात मोकुहिनिया नावाचं मोठं तळं होतं आणि त्यातल्या मोकुउला या लहानशा बेटावर राजा तिसरा कामेहामेहा राहत असे. १८४५ पर्यंत हवाई राज्याची राजधानी लाहाइना होती. नंतर ती होनोलुलूला गेली. प्रशांत महासागरात देवमाशांची शिकार करणारी जहाजं याच किनाऱ्याला लागत. १८३१ साली मिशनऱ्यांनी गावाच्या वरच्या अंगाला लाहाइनालुना इथे विद्यालय काढलं, आणि हवाईयन भाषेतलं पहिलं वर्तमानपत्र १८३४ मध्ये तिथेच छापलं गेलं. पुढे पर्यटकांनी जे ‘जुनं लाहाइना’ पाहिलं, ते बहुतेक या काळातलं आणि नंतरच्या साखर कारखान्याच्या काळातलं होतं.

१८४८ च्या भूमिविभाजनानंतर हवाईत जमीन खासगी मालकीची वस्तू झाली. बरीचशी जमीन मूळ रहिवाशांच्या हातून सुटली आणि तिच्यावर ऊस आला. लाहाइनात १८६० साली ‘पायोनियर मिल’ हा कारखाना उभा राहिला. उसाला किती पाणी लागतं हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. डोंगरातले ओढे वरच्या वर कालव्यांत आणि बोगद्यांत वळवले गेले. खाली अळूची खाचरं सुकली. नीरफणसाच्या राया गेल्या. मोकुहिनियाचं तळं आटून दलदल झालं आणि १९१४ च्या सुमारास बुजवण्यात आलं. त्यावर बेसबॉलचं मैदान झालं. राजाचं निवासस्थान त्या मातीखाली गेलं. चीन, जपान, पोर्तुगाल आणि शेवटी फिलिपिन्समधून मजूर आणले गेले. त्यांच्या वस्त्यांना तिथे ‘कॅम्प’ म्हणत. कारखान्याजवळची लाकडी घरांची दाट वस्ती, ‘कुहुआ कॅम्प’, पुढे या आगीत सर्वाधिक माणसं गमावणाऱ्या भागांपैकी एक ठरली.

१९६० च्या दशकात कारखान्याच्याच मालक कंपनीने उत्तरेला काही किलोमीटरवर कानापाली इथे समुद्रकाठची हॉटेलं उभी केली. साखरेचा धंदा उतरणीला लागला होता, पर्यटनाचा वर चढत होता. १९९९ मध्ये पायोनियर मिल बंद पडली. हजारो एकरांवरचं पीक एका पिढीच्या आत संपलं आणि जमीन तशीच पडून राहिली. ऊस होता तोवर निदान ती भिजत होती आणि तिथे दिवसरात्र माणसांचा वावर होता. आता ना पाणी, ना माणूस. तिथे गवत आलं.

हे गवत हवाईचं नाही. आफ्रिकेतून आलेलं गिनी गवत आणि बफेल गवत पशुपालकांनी गुरांसाठी हवाईत लावलं. दोन्ही आपल्या परिचयाची आहेत. गिनी गवत आपल्याकडे दुभत्या जनावरांच्या चाऱ्यासाठी बांधावर लावतात; बफेल म्हणजे आपल्या कोरड्या कुरणांतलं अंजन गवत. कापून किंवा चारून संपवलं, तर ही दोन्ही गवतं उत्तम. मोकाट सोडली, तर पावसानंतर भराभर वाढतात, गिनी तर माणसाच्या डोक्यावर जातं, आणि उन्हाळ्यात जागच्या जागी वाळून उभी राहतात. शिवाय आगीनंतर जे परत येतं ते गवतच. त्याची मुळं जिवंत राहतात, पहिल्या पावसात फुटवे येतात. हवाईची मूळ झाडं वारंवार लागणाऱ्या आगींच्या परिस्थितीत उत्क्रांत झालेली नाहीत. ती जळली की बहुधा संपतात आणि त्यांची जागाही गवत घेतं. म्हणजे प्रत्येक वणवा पुढच्या वणव्यासाठी जास्त जागा मोकळी करून जातो. आज हवाईच्या सुमारे एक चतुर्थांश जमिनीवर असं परकं गवत आणि झुडपं आहेत. हवाई विद्यापीठातले वणव्यांचे अभ्यासक क्ले ट्रॉरनिक्ट हे कित्येक वर्षं सांगत होते, की दरवर्षी जळणारं क्षेत्र काही दशकांत अनेक पटींनी वाढलं आहे आणि पडीक मळे हे त्याचं मोठं कारण आहे.

इशारा फक्त अभ्यासकांनीच दिला होता असंही नाही. २०१४ मध्ये पश्चिम माउईसाठी वणवा-संरक्षणाचा आराखडा तयार झाला, त्यात लाहाइनाला असलेला धोका स्पष्ट लिहिला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘लेन’ चक्रीवादळ हवाईजवळ आलं असताना लाहाइनाच्या वरच्या उतारावर आग लागून २१ इमारती जळाल्या. वारा जोराचा, गवत वाळलेलं, महिना ऑगस्टच. पाच वर्षं आधी निसर्गाने हीच आग लहान प्रमाणात दाखवली होती. त्यानंतर उतारावरच्या गवताचं जे करायला हवं होतं ते झालं नाही, ही या साऱ्या कहाणीतली मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट आहे.

आता त्या दिवसाच्या वाऱ्याकडे येऊ. हवाईच्या उत्तरेला हवेच्या जास्त दाबाचा मोठा पट्टा होता. दक्षिणेला, सुमारे ८०० किलोमीटर किंवा त्याहून दूर, ‘डोरा’ हे शक्तिशाली चक्रीवादळ पश्चिमेकडे सरकत होतं. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे हवा वाहते, आणि दोन्हींतला फरक वाढला की वेग वाढतो. या वाऱ्यात डोराचा वाटा नेमका किती, यावर हवामानशास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत. उत्तरेकडच्या दाबाचा वाटा मोठा होता याविषयी फारसा वाद नाही. लाहाइनाचा घात मात्र खरं तर डोंगराने केला. व्यापारी वाऱ्यांच्या वर साधारण दोन किलोमीटरच्या उंचीवर उबदार हवेचा एक स्थिर थर असतो. खालची हवा त्याला भेदून वर जाऊ शकत नाही. डोंगर ओलांडताना तिला शिखर आणि हा थर यांच्यामधल्या अरुंद जागेतून दाटीने जावं लागतं, आणि पलीकडे उतरताना तिचा वेग एकदम वाढतो. खाली येणारी हवा दाबली जाऊन तापते, दर किलोमीटरमागे सुमारे १० अंश सेल्सियसने, आणि तिची सापेक्ष आर्द्रता आणखी घटते. उन्हाळ्यात आधीच कोरड्या पडलेल्या उतारावर त्या दिवशी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासचे झोत आदळत होते. राष्ट्रीय हवामान सेवेने आदल्या दिवशीच ‘रेड फ्लॅग’ इशारा दिला होता: आग लागली तर ती आवरणार नाही, असा त्याचा अर्थ.

पहाटेपासून विजेचे खांब पडायला सुरुवात झाली. सकाळी ६:३५ च्या सुमारास लाहाइनालुना रस्त्याजवळ गवत पेटलं. संघीय तपास यंत्रणा आणि माउईचं अग्निशमन खातं यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, तुटलेल्या तारेत पुन्हा वीज सोडली गेल्याने ही आग लागली. जवानांनी ती आटोक्यात आणली. नऊच्या आत ती पूर्ण आटोक्यात आल्याचं त्यांनी ठरवलं, तरी ते निघून गेले नाहीत. दुपारी दोन वाजून गेल्यावर, धूर किंवा ज्वाळा कुठेच दिसत नाहीत अशी खात्री करून ते तिथून हलले. तीनला काही मिनिटं कमी असताना त्याच परिसरात पुन्हा धूर दिसला. वीज कंपनीचं म्हणणं असं होतं, की सकाळची आग आमच्या तारांमुळे लागली हे खरं, पण दुपारी आमच्या तारांत कित्येक तास वीजच नव्हती. अहवालाने या प्रश्नाचा निकाल लावला: दुपारची आग वेगळी नव्हती, सकाळच्याच आगीतलं धुमसत राहिलेलं काहीतरी वाऱ्याने पुन्हा चेतवलं होतं. अहवालात आगीचं वर्गीकरण ‘अपघाती’ असं आहे. त्या जवानांपैकी काहींची स्वतःची घरंही त्या संध्याकाळी जळाली, हेही इथे नोंदवायला हवं.

कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये पॅरेडाइज गावातल्या आगीत ८५ माणसं गेल्यावर जोरदार वाऱ्याच्या दिवशी वीजपुरवठा आधीच बंद ठेवण्याची पद्धत तिथे रूढ झाली होती. हवाईत ती नव्हती. तारा कोसळत होत्या तरी पुरवठा आधीपासून थांबवण्याची कोणतीही ठरलेली योजना कंपनीकडे नव्हती.

दुपारच्या आगीला गाव गाठायला वेळ लागला नाही, आणि गावात शिरल्यावर तिचं स्वरूप बदललं. आपण ‘वणवा’ म्हणतो तेव्हा गवत आणि झाडं डोळ्यांसमोर येतात. गावात मात्र इंधन म्हणजे घरंच. गवताची आग एका जागी मिनिटभर जळते, लाकडी घर तासभर जळतं आणि त्यातून हजारो निखारे उडतात. वाऱ्यावर गेलेला निखारा पुढच्या घराच्या पन्हळीतल्या पाल्यात, छपराखालच्या झरोक्यात, भिंतीला टेकवलेल्या लाकडी कुंपणात अडकतो. म्हणून एक रांग जळून संपण्याआधी चार रांगा पुढचं घर पेटलेलं असतं. अशा आगीपुढे बंब उभा करून ओळ धरणं जवळजवळ अशक्य होतं. त्यात नळांचा दाब गेला. घर कोसळलं की त्याचे पाइप फुटतात किंवा वितळतात आणि पाणी जमिनीवर वाहू लागतं. अशी शेकडो घरं एकदम जळाल्यावर सगळ्या जाळ्यातला दाब घसरतो. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टरंही उडू शकत नव्हती.

समुद्रकाठच्या फ्रंट स्ट्रीट या रस्त्यावर लाल छपराचं एक शंभर वर्षं जुनं लाकडी घर मात्र चारी बाजूंच्या राखेत जवळपास जसंच्या तसं उभं राहिलं. त्याची छायाचित्रं जगभर फिरली आणि लोकांनी त्याला चमत्कार म्हटलं. मालकांनी अलीकडेच जुनं छप्पर काढून धातूच्या जाड पत्र्याचं छप्पर घातलं होतं. वाळवीच्या भीतीने भिंतीला लागून असलेली झाडंझुडपं उपटून तिथे दगडगोटे पसरले होते. निखारे पडले असतील, पण त्यांना पेटवायला काही सापडलं नसावं. आगतज्ज्ञ घराभोवतीच्या पहिल्या दीड मीटरला इतकं महत्त्व का देतात, ते या घरावरून कळतं. अर्थात वारा, समुद्राचं सान्निध्य आणि शेजारच्या घरापासूनचं अंतर यांचाही वाटा असणार. एकट्या छपरावर सगळं श्रेय टाकता येणार नाही.

हवाईतले लोक दिशा सांगताना सहसा पूर्व-पश्चिम म्हणत नाहीत. ‘माउका’ म्हणजे डोंगराच्या अंगाला, ‘माकाई’ म्हणजे समुद्राच्या अंगाला. ही माहिती भोंग्यांच्या वादात कळीची ठरली. हवाई राज्यात आपत्तीची सूचना देणारे सुमारे ४०० भोंगे आहेत, त्यांतले ८० माउईवर. दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी सकाळी पावणेबारा वाजता ते वाजवून पाहिले जातात. ८ ऑगस्टला एकही भोंगा वाजवला गेला नाही. माउईच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे प्रमुख हर्मन अंडाया यांनी नंतर पत्रकारांना सांगितलं, की लोक भोंगा ऐकला की सुनामी समजतात आणि माउका, म्हणजे डोंगराकडे, धावतात. त्या दिवशी ते आगीतच गेले असते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या युक्तिवादात काहीच अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. पण राज्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भोंग्यांच्या उपयोगांमध्ये वणव्याचाही उल्लेख होता. आणि वीज पहाटेपासून गेलेली, मोबाइल मनोरे बंद पडत चाललेले, अशा वेळी फोनवर पाठवलेला इशारा पोचणार कोणाला? स्थलांतराची सूचना फोनवर निघाली तेव्हा चार वाजून गेले होते आणि गाव पेटलेलं होतं. किनाऱ्यावर भोंगा वाजला असता, तर निदान लोक घराबाहेर येऊन आकाशाकडे बघते.

वाऱ्यामुळे त्या दिवशी शाळा बंद होत्या. कितीतरी मुलं आणि आजी-आजोबा घरी होते, कमावती माणसं हॉटेलांत आणि दुकानांत कामावर. मृतांपैकी बहुतेक जण साठीच्या पुढचे होते. हालचाल अवघड झालेल्या म्हाताऱ्या माणसाला अंधाऱ्या, धुराने भरलेल्या घरात परिस्थिती कळून बाहेर पडायला जो वेळ लागतो, तेवढाही वेळ त्या संध्याकाळी मिळाला नाही.

रस्त्यांचं गणितही वाईट होतं. पश्चिम माउईला उरलेल्या बेटाशी जोडणारा मुख्य रस्ता म्हणजे होनोआपिइलानी महामार्ग, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवरून जाणारा. उत्तरेकडून वळसा घालून जाणारा रस्ता इतका अरुंद आणि वळणांचा, की अनोळखी माणसाने तो टाळावा. गावातल्या वाटांवर खांब आणि तारा आडव्या पडल्या होत्या. त्यांत वीज असेल या भीतीने पोलिसांनी काही रस्ते बंद ठेवले होते. मळ्यांच्या काळातल्या कच्च्या वाटा होत्या, पण काहींच्या फाटकांना कुलपं होती. ज्यांना फाटक उघडं मिळालं किंवा उघडता आलं, ते निसटले. बाकीच्या गाड्या फ्रंट स्ट्रीटवर एकामागे एक अडकल्या. वारा डोंगराकडून समुद्राकडे, आग डोंगराकडून समुद्राकडे, आणि माणसं मधल्या रस्त्यावर. शेवटी लोकांनी गाड्या सोडल्या आणि बंधाऱ्यावरून समुद्रात उड्या टाकल्या. धूर, निखारे आणि लाटा सोसत ते कित्येक तास पाण्यात, खडकांना धरून राहिले. तटरक्षक दलाने १७ जणांना पाण्यातून बाहेर काढलं.

त्याच वेळी काही किलोमीटर उत्तरेला कानापालीच्या हॉटेलांत हजारो पर्यटक होते. तिथे आग पोचली नाही. वीज नव्हती, फोन चालत नव्हते, त्यामुळे शेजारचं गाव संपलं हे कित्येकांना बऱ्याच उशिरा कळलं. पुढच्या दिवसांत बसगाड्या भरभरून लोकांना काहुलुईच्या विमानतळावर नेण्यात आलं. जे दुसऱ्या बेटांवर पोचले त्यांच्यासाठी होनोलुलूचं परिषद केंद्र उघडण्यात आलं. साधारण आठवडाभरात स्थानिक आणि पर्यटक मिळून ४६,००० च्या आसपास लोक विमानाने बाहेर पडले. पर्यटकाची सुटका तुलनेने सोपी असते: परतीचं तिकीट असतं, दुसरीकडे घर असतं. पण पळायची वाट कोणती, भोंग्याचा अर्थ काय, माउका कुठे आणि माकाई कुठे, यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं. सुमारे १,५४,००० वस्तीच्या बेटावर २०२२ मध्ये सुमारे २९ लाख पाहुणे आले होते. एवढ्या पाहुण्यांच्या जिवाची जबाबदारी घेणाऱ्या बेटाकडे त्या दिवशी त्यांना सांगायची एकही पक्की सूचना नव्हती. लाहाइनातल्या फिलिपिनो कुटुंबांची स्थितीही वेगळी नव्हती. गावाचा मोठा हिस्सा त्यांचा. अनेक ज्येष्ठांची भाषा इलोकानो, आणि इशारे इंग्रजीत.

आगीनंतर या दोन जगांची सरमिसळ झाली. बेघर झालेल्यांना शाबूत राहिलेल्या हॉटेलांतच ठेवावं लागलं. एका टप्प्यावर सुमारे आठ हजार लोक तिथे राहत होते. आधी सरकारने पर्यटकांना येऊ नका म्हटलं, मग बेटाची मिळकतच थांबल्यावर बाकीच्या माउईवर जरूर या म्हटलं. ८ ऑक्टोबर २०२३ ला, आगीला बरोबर दोन महिने झाले त्या दिवशी, पश्चिम माउई टप्प्याटप्प्याने पर्यटकांसाठी खुलं होऊ लागलं. हजारो रहिवाशांनी त्याविरुद्ध सह्या केल्या. ज्यांचं घर गेलं, माणूस गेलं, त्यांनी कामावर जाऊन सुट्टीवर आलेल्यांचं हसून स्वागत करायचं, हे मागणं फार लवकर होतं असं त्यांचं म्हणणं. ते मला पूर्णपणे पटतं. आणि हॉटेल बंद राहिलं तर पगार नाही, पगार नाही तर बेट सोडावं लागणार, हेही त्याच लोकांना माहीत होतं. आगीच्या आधीच माउईत घराची मध्यक किंमत दहा लाख डॉलरच्या पुढे गेली होती. राख गरम असतानाच जमीन विकत घेण्यासाठी लोकांना फोन येऊ लागले, आणि ‘लाहाइना विकाऊ नाही’ असे फलक लागले. माउईतली हजारो घरं पर्यटकांना रोजच्या भाड्याने दिली जातात. त्यातली जवळपास सात हजार पुन्हा रहिवाशांकडे वळवावीत असा प्रस्ताव महापौर रिचर्ड बिसेन यांनी २०२४ मध्ये मांडला. त्यावर बेटावर अटीतटीची भांडणं झाली.

गावाच्या मधोमध, न्यायालयाच्या जुन्या इमारतीसमोर, एक वड आहे. तो भारतातून गेलेला. २४ एप्रिल १८७३ रोजी, प्रोटेस्टंट मिशनच्या लाहाइनातल्या आगमनाला पन्नास वर्षं झाल्याबद्दल, तिथले शेरीफ विल्यम ओवेन स्मिथ यांनी त्याचं रोप लावलं. पारंब्या जमिनीला टेकत, त्यांचे बुंधे होत, दीडशे वर्षांत तो अर्ध्या एकराहून जास्त पसरला. आगीत न्यायालयाची इमारत आतून खाक झाली, वडाची पानं करपली, साल भाजली. बागकाम जाणणाऱ्या स्वयंसेवकांनी टँकरने पाणी घातलं, मुळांजवळची घट्ट झालेली माती मोकळी केली, कंपोस्टचं पाणी दिलं. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत खोडांवर हिरवी पालवी दिसू लागली. झाडाचा काही भाग गेला, बाकीचा उभा आहे. ज्या काळाने नीरफणसाच्या राया संपवल्या, त्याच काळाने हा वड आणला, हे तिथल्या मूळ रहिवाशांना ठाऊक आहे. तरीही त्या पालवीने अनेकांना धीर आला.

बदल झाले आहेत. १ जुलै २०२४ पासून वीज कंपनी धोक्याच्या वाऱ्यात काही भागांचा पुरवठा आधीच बंद करते. राज्य अग्निशमन आयुक्ताचं पद हवाईने १९७९ मध्ये रद्द केलं होतं आणि असं पद नसलेलं ते अमेरिकेतलं एकमेव राज्य होतं. आगीनंतर ते पुन्हा निर्माण झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये वीज कंपनी, राज्य, काउंटी आणि मोठे जमीनमालक मिळून सात पक्षांनी सुमारे चार अब्ज डॉलरची भरपाई द्यायची तडजोड जाहीर केली. जमीनमालक त्या यादीत आहेत हे मला महत्त्वाचं वाटतं. पडीक जमीन ठेवणं हा मालकाचा हक्क आणि तिच्यावरचं गवत ही कोणाचीच जबाबदारी नाही, ही समजूत त्यामुळे मोडते.

गवताचं काय करायचं याची उत्तरं माहीत आहेत आणि ती चटकदार नाहीत: गुरं-मेंढ्या चारणं, वस्तीभोवती रुंद पट्टे साफ ठेवणं, ओलाव्याच्या जागी देशी झाडं लावून ती जगवणं. जगवायची तर पाणी हवं. पश्चिम माउईचे ओढे आणि भूजल राज्याच्या जलआयोगाने जून २०२२ मध्ये, म्हणजे आगीच्या वर्षभर आधी, विशेष व्यवस्थापनाखाली आणलं. वैयक्तिक घरगुती वापर सोडला, तर तिथे पाणी वापरणाऱ्यांना आता परवाना मागावा लागतो: ओढ्याकाठी पुन्हा अळू लावणाऱ्या कुटुंबाला, आणि मळ्यांचे जुने कालवे हाती असलेल्या कंपन्यांनाही. मोकुहिनियाचं तळं परत उघडायचं म्हणणाऱ्यांनाही पाणी याच ओढ्यांमधून हवं आहे. कोणत्या ओढ्यात किती पाणी राहू द्यायचं आणि किती वळवायचं, हे ठरवण्याचं काम आयोगापुढे आहे.